जुन्या जपानी गिटारचा ब्रिज: घेण्याआधी काय बघायचं, बदलताना काय मोजायचं

टोकियोत नव्याने आलेल्या आणि गिटारचं वेड असलेल्या माणसाची पावलं कधी ना कधी ओचानोमिझूकडे वळतातच. स्टेशनातून बाहेर पडून मेइदाई-दोरी रस्त्याला लागलात की दुतर्फा गिटारचीच दुकानं. नव्या गिब्सन-फेंडरच्या किमती बघून डोळे पांढरे झाले की नजर जाते ती त्याच भिंतीवरच्या जुन्या जपानी गिटारवर: ग्रेको, टोकाई, बर्नी, फर्नांडेस, आयबानेझ, एरिया प्रो टू. दिसायला थेट गिब्सनची लेस पॉल किंवा फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, आणि नीट पारखून घेतली तर वाजायलाही झकास.

घोळ पुढे होतो. गिटार घरी येते, ब्रिज (बॉडीवरचा, तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) गंजलेला किंवा झिजलेला असतो, म्हणून माणूस ऑनलाइन बघून एखादा देखणा अमेरिकन ब्रिज मागवतो आणि तो बसत नाही. या गिटार दिसतात अमेरिकन, पण त्या बनवणारे कारखाने मिलिमीटरमध्ये काम करत होते आणि मूळ गिटार इंचात बनत होत्या. फरक कधी अर्धा मिलिमीटर, कधी दोन. डोळ्यांना तो दिसत नाही, स्क्रूला बरोबर कळतो. हा लेख मुख्यतः त्या फरकाबद्दल आहे.

१. आधी गिटार कुठली आणि कधीची ते ठरवा

ब्रँडच्या नावावर फार जाऊ नका, कारखाना बघा. ग्रेको हे कांदा शोकाई या टोकियोच्या व्यापारी कंपनीचं नाव आणि आयबानेझ हे नागोयाच्या होशिनो गाक्कीचं, पण सत्तरच्या दशकात दोघांच्याही बहुतेक गिटार नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात, १९६० साली सुरू झालेल्या फुजीगेन कारखान्यात बनत. एरियाच्या गिटार त्याच शहरातल्या मात्सुमोकूमध्ये व्हायच्या. तो कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. टोकाईचा स्वतःचा कारखाना हामामात्सुला. १९८२ मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्कीशी हातमिळवणी करून फेंडर जपान काढली, तिचंही काम आधी फुजीगेनकडेच गेलं. म्हणजे ज्यांच्या नकलांनी फेंडर हैराण झाली होती, त्यांनाच तिने कामाला लावलं.

साल शोधायला सिरियल नंबर बघा. १९७५च्या आसपासपासून ग्रेको आणि आयबानेझवर आधी एक अक्षर असतं, ते महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), आणि पुढचे दोन आकडे सालाचे. टोकाईच्या सात आकडी नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो, त्यामुळे ८ म्हणजे १९७८ की १९८८ हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. फेंडर जपानचे अगदी सुरुवातीचे नंबर 'जेव्ही'ने सुरू होतात.

मॉडेलचा आकडा बहुतेक वेळा त्या काळची छापील किंमत सांगतो. टोकाई एलएस-५० म्हणजे पन्नास हजार येन, ग्रेको ईजी-७०० म्हणजे सत्तर हजार, बर्नी आरएलजी-७० म्हणजेही सत्तर हजार. त्यावरून गिटार कुठल्या थरातली ते कळतं. स्वस्त थरातल्या, विशेषतः सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या लेस पॉल नकलांमध्ये नेक, म्हणजे गिटारची मान, चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि वरची फळी प्लायवूड वाकवून केलेली, आतून पोकळ असू शकते. अशा गिटारला महागडा ब्रिज लावून काही हाती लागत नाही, हे माझं स्पष्ट मत.

एक सापळा. जाहिरातीत 'लॉसूट' (खटला) शब्द दिसला की किंमत वाढवलेली असते. खरा खटला एकच: १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतल्या एल्गर या वितरक कंपनीवर, हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या, आकारावरून केलेला. तो पुढे आपसात मिटला, आणि दाखल झाला तोवर आयबानेझने आकार बदललाही होता. ग्रेको किंवा टोकाई त्यात नव्हत्याच. त्या शब्दापोटी एक येनही जास्त देऊ नका.

२. जाहिरातीतले हे जपानी शब्द पाठ करा

भाषांतराचं ॲप यातल्या निम्म्या शब्दांची वाट लावतं.

- जंकु: भंगार या नावाने विकलेला माल. चालेल की नाही याची हमी नाही, परतही घेत नाहीत.
- गेंजो-वाताशी: आहे त्या स्थितीत.
- कोकान-झुमी: बदललेलं. 'बुरिज्जी कोकान-झुमी' दिसलं की जुना ब्रिज सोबत देणार का, हे विचारा.
- केप्पिन: गायब असलेला भाग. ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून सूर डोलवायचा, दांडा हमखास यात असतो.
- जुन-झोरी, ग्याकु-झोरी, नेजिरे: नेक पुढे वाकलेला, मागे वाकलेला, पिळलेला. पहिलं ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) सुधारतं, दुसरं कधीकधी. तिसरं असेल तर गिटार सोडून द्या.
- गेन्को: तारांची उंची. बाराव्या फ्रेटवरचं (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्यावरचं) माप मिलिमीटरमध्ये देतात.

हार्ड ऑफसारख्या दुकानांच्या जंक विभागात खरंच चांगला माल सापडतो, पण तिथे जाताना पुढचं सामान खिशात हवं.

३. सामान

- डिजिटल व्हर्नियर. स्वस्तातला चालेल, पण मोजायला पट्टी चालणार नाही.
- जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस, चौफुली स्क्रू ड्रायव्हर, नंबर १ आणि २. साधा फिलिप्स या स्क्रूंमध्ये नीट रुतत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचं डोकं खातो. व्हेसल कंपनीचे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.
- १.५ मिमी ॲलन की (स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या, सॅडलसाठी; सॅडल म्हणजे ब्रिजवरचा तार टेकायचा छोटा तुकडा).
- लहान लोहचुंबक, स्टीलची सरळ पट्टी, ट्यूनर, तारांचा नवा संच.
- गंज सोडवायला कुरे ५-५६ किंवा तत्सम तेल. हे काडीने, थेंबभरच लावायचं. गिटारवर फवारायचं नाही.
- फोन. काही उघडण्याआधी ब्रिजचे चारही बाजूंनी फोटो.

कागदपत्रं म्हणाल तर विकत घेताना काही लागत नाही, पण पावती जपून ठेवा. मॉडेल आणि सिरियल नंबर तिच्यावर लिहून मागा. पुढे तीच गिटार दुकानाला विकायची झाली, तर जुन्या मालाच्या व्यापाराच्या कायद्याप्रमाणे ओळखपत्र दाखवावं लागतं, तिथे तुमचं रेसिडेन्स कार्ड लागेल.

४. दुकानात ब्रिज तपासा

गिटार हातात घेतली की आधी वाजवू नका. ती आडवी धरून डोळ्यांच्या रेषेत आणा.

लेस पॉल पद्धतीच्या गिटारवर ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज असतो: दोन पोस्टवर (उभ्या स्क्रूंवर) बसलेला आडवा पूल आणि त्यावर पुढे-मागे सरकणारी सहा सॅडल. गिब्सनने तो १९५४ मध्ये आणला. जपानी नकलेतला बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षं तारांचा दाब सोसून तो मधोमध खाली बसतो. स्टीलची पट्टी त्याच्या खालच्या कडेला लावून बघा. मध्ये पोट सुटलेलं दिसलं तर ब्रिज बदलावा लागणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. मग पोस्ट बघा. तारांच्या ओढीने ते हळूहळू पिकअपच्या (तारांखालच्या चुंबकी पेटीच्या) बाजूला झुकतात. किंचित कल चालतो, पण पोस्टच्या बुडाशी लाकूड फुगलेलं किंवा रंगाला तडा गेलेला दिसला तर ते लाकूडकाम आहे, स्वस्तात होत नाही.

ब्रिजच्या मागचा टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा आडवा भाग) ॲल्युमिनियमचा आहे की जस्ताचा हे लोहचुंबकाने कळत नाही, दोन्हींना तो चिकटत नाही. वजनावरून कळतं: जस्त जवळपास अडीचपट जड. वरच्या थरातल्या गिटारवर ॲल्युमिनियमचा असेल तर तो बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारमध्ये मागचं प्लास्टिकचं झाकण उघडायची परवानगी मागा; बहुतेक दुकानदार देतात. आतल्या, ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याला लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर बहुधा जस्त. जस्त म्हणजे वाईटच असं नाही, पण दांड्याच्या भोकातले आटे जस्ताच्या ठोकळ्यात लवकर जातात. दांडा असेल तर लावून बघा. तो ढिला, डगमगता बसला तर आटे गेलेले समजा.

५. मापं घ्या, दोनदा घ्या

सगळा खेळ इथे आहे, म्हणून सावकाश जाऊ.

*ट्यून-ओ-मॅटिक.* दोन पोस्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर हवं. मध्य डोळ्याने पकडता येत नाही. व्हर्नियरने एका पोस्टच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही पोस्टची जाडी सारखीच असल्याने तेच मध्यापासून मध्याचं अंतर. मग उजव्या कडांनी पडताळा. पोस्ट झुकलेले असतील तर बुडाशी मोजा, टोकाशी नको. नेहमीचं माप ७४ मिमीच्या आसपास असतं, पण जुन्या नकलांमध्ये एखाद मिलिमीटर इकडे-तिकडे सापडतो.

आता पोस्टची जाडी. गिब्सनच्या जुन्या पद्धतीच्या एबीआर-१ ब्रिजचा पोस्ट साडेतीन मिलिमीटरचा, इंची आट्यांचा. त्याच पद्धतीच्या जपानी ब्रिजला बहुतेक वेळा एम४, म्हणजे चार मिलिमीटरचा पोस्ट असतो. त्यामुळे अमेरिकन एबीआर-१ जपानी पोस्टवर उतरतच नाही. आणि अमेरिकन पोस्ट जपानी गिटारच्या भोकात घातला तर तो लाकूड पकडत नाही, नुसता फिरतो. तिसरा प्रकार म्हणजे लाकडात पितळी किंवा पोलादी बुश (आतून आटे असलेली नळी) ठोकून त्यात बसवलेला जाड पोस्ट. तिथे बुशच्या आतले आटे मोजायचे.

टेलपीसचे स्टड, म्हणजे तो धरून ठेवणारे जाड स्क्रू, सगळ्यात फसवे. अमेरिकन स्टड ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिमी; जपानी एम८, म्हणजे ८ मिमी. जाडी एकच वाटते, पण आट्यांमधलं अंतर वेगळं: अमेरिकनमध्ये सुमारे १.०६ मिमी, एम८मध्ये १.२५. एक-दोन वेढे आरामात जातात, माणूस खूश होतो, मग स्टड अडकतो. तिथे जोर लावला की बुशचे आटे कापले जातात. हाताने, बोटांच्या चिमटीत जात नसेल तो स्टड लगेच उलटा फिरवून काढा.

*स्ट्रॅट.* पुढच्या कडेला सहा स्क्रू असतात. पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांमधलं अंतर मोजा. जुन्या अमेरिकन मापात ते सुमारे ५६.४ मिमी. जपानी ट्रेमोलोवर तारांचं अंतर बहुधा १०.८ किंवा १०.५ मिमीच्या पटीत असतं, म्हणजे पहिल्या तारेपासून सहावीपर्यंत ५४ किंवा ५२.५, स्क्रूंचं अंतरही बहुधा त्याच जवळपास. अमेरिकन ब्रिजची पट्टी ५४च्या भोकांवर ठेवली तर मधले दोन स्क्रू कसेबसे जातात आणि टोकाची भोकं सव्वा मिलिमीटरने चुकतात. समजा भोकं नवी पाडून बसवलीच, तरी टोकाच्या तारा फिंगरबोर्डच्या (नेकवरच्या बोटं दाबायच्या फळीच्या) कडेवर जातात आणि वाजवताना पहिली तार घसरून खाली पडते. म्हणून स्क्रूंचं अंतर आणि तारांचं अंतर, दोन्ही लिहून घ्या.

दांड्याचे आटेही बघा. अमेरिकन १०-३२ इंची, जपानी एम५ किंवा एम६. सुटा दांडा मागवताना हाच आकडा विचारा, 'स्ट्रॅटचा दांडा' म्हणून मागवू नका. सॅडलच्या उंचीचे स्क्रूही तसेच: अमेरिकन २.८ मिमीचे, जपानी एम३चे, म्हणून किल्ल्याही वेगळ्या. शेवटी ठोकळ्याची उंची. काही नकलांची बॉडी मूळ स्ट्रॅटपेक्षा पातळ असते आणि लांब ठोकळा मागून बाहेर डोकावतो, झाकण बसत नाही.

६. बदलायलाच हवा का?

बहुतेक वेळा नको. काळा पडलेला, गंजलेला ब्रिज म्हणजे खराब ब्रिज नव्हे. सॅडलचे स्क्रू अडकले असतील तर तेलाचा थेंब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी जेआयएस ड्रायव्हरने आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि मग उलट फिरवा. एकच सॅडल झिजलं असेल तर एकच सॅडल बदलता येतं. मुलामा उडालेल्या मूळ ब्रिजसह गिटारला जुन्या बाजारात चमकदार नव्या ब्रिजपेक्षा जास्त भाव येतो. म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून गिटारच्या केसमध्ये ठेवा.

बदलावाच लागला तर पहिला पर्याय जपानीच घ्या. गुन्मा प्रांतातली गोतोह कंपनी या मापांचे ब्रिज आजही बनवते: एम४ पोस्टवरचा एबीआर पद्धतीचा जीई१०४बी, बुशवाला जीई१०३बी, आणि वेगवेगळ्या तार-अंतरांत मिळणारे स्ट्रॅटचे ट्रेमोलो. तुम्ही लिहून आणलेला आकडा दुकानात दाखवा, ते कॅटलॉग काढून जुळवून देतात. अमेरिकन ब्रिजचाच हट्ट असेल तर खाली एम४ आणि वर इंची आटे असलेले पोस्ट मिळतात. ते वापरा, पण ब्रिजची भोकं ड्रिलने मोठी करू नका.

७. बदलताना

टेबलावर जाड टॉवेल पसरा. ट्यून-ओ-मॅटिक आणि टेलपीस दोन्ही केवळ तारांच्या दाबावर जागच्या जागी असतात. सगळ्या तारा सोडल्या की दोन्ही सुटतात, आणि टेलपीस पडला की पहिला ओरखडा पिकअपखालच्या चकचकीत भागावर. तारा ढिल्या करतानाच टेलपीसवर एक हात ठेवा. पोस्टवरच्या, ब्रिजची उंची ठरवणाऱ्या चकत्या खाली-वर करण्याआधी प्रत्येक बाजूला त्या लाकडापासून किती उंच आहेत ते मोजून ठेवा, पुढचं काम निम्मं होतं.

बुश काढायचा असेल तर पक्कडने उपटू नका. बुशच्या तळाशी छोटा खिळा किंवा स्क्रूचा तुकडा टाका, वरून त्याचाच स्टड फिरवत खाली न्या; स्टड तळाला टेकला की बुश आपोआप वर येऊ लागतो. त्याआधी बुशच्या कडेने ब्लेडची हलकी रेघ मारा, कारण या गिटारवरचा पॉलिस्टरचा जाड थर बुशबरोबर टवका होऊन उडतो.

एका बुशमागे पातळ वायर दिसेल. ती तारांना अर्थिंग देते. ती तुटली किंवा नव्या बुशला टेकली नाही, तर तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायच्या ऐवजी तशीच राहते. स्ट्रॅटमध्ये हीच वायर मागच्या स्प्रिंगच्या पंजाला डाग दिलेली असते.

स्ट्रॅटचे सहा स्क्रू कधीही पूर्ण आवळू नका. पट्टी पुढच्या कडेवर सहज डोलली पाहिजे. स्क्रूच्या डोक्याखाली थोडी हवा दिसायला हवी.

८. सेटिंग, याच क्रमाने

नवीन तारा चढवून सूर जुळवा. आधी नेक: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये सुमारे ०.२ मिमी फट हवी. मग उंची: बाराव्या फ्रेटवर जाड तारेला २ मिमी, बारीक तारेला १.५ मिमी ही चांगली सुरुवात. त्यानंतरच सॅडल पुढे-मागे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. दरवेळी तार ढिली करून सॅडल सरकवा, नाहीतर स्क्रूचे आटे खाल्ले जातात.

९. भारतात न्यायची असेल तर

जपानातून वापरलेली गिटार कुरियरने पुण्या-मुंबईला पाठवायचा मोह होतो. करू नका. भारताच्या विदेश व्यापार धोरणात यंत्रसामग्री वगळता वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित गटात येते, परवाना लागतो, आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकून बसतं. स्वतःसोबत सामानात नेणं वेगळ्या बॅगेज नियमांत येतं. त्याची सध्याची मर्यादा कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा.

फिंगरबोर्ड रोझवूडचा असेल तर: तयार वाद्यांना सायटीस या, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातून नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही, ते १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. जपानी जाहिरातीत 'हाकारांदा' (म्हणजे ब्राझिलियन रोझवूड) असं लिहिलेलं दिसलं तर ती गिटार जपानातच वाजवा.

विमानासाठी तारा थोड्याच ढिल्या करा, पूर्ण नको. ट्रेमोलोचा दांडा काढून पिशवीत टाका. ट्यून-ओ-मॅटिक असेल तर ब्रिज आणि टेलपीसखाली मऊ कापडाची घडी सारून वरून एक पट्टी बांधा. केसच्या आत ब्रिज सुटून फिरला तर मुंबईत उतरेपर्यंत वरच्या रंगाचं काय होईल ते सांगायला नको.